शंभर टक्के हजेरी

धैर्यशील जगदाळेचं नाव पुकारलं गेलं तेव्हा माझ्या तोंडात गाजराचा केक होता.

पहिलं सत्र संपलं म्हणून डिपार्टमेंटनं दुपारचं चहापान ठेवलं होतं. डीन माइकसमोर उभे राहून सांगत होते, की या सत्रात एका विद्यार्थ्यानं एकही लेक्चर, एकही ट्युटोरियल, एकही लॅब चुकवलेली नाही. शंभर टक्के हजेरी. मग त्यांनी कागदावरून धैर्याचं नाव जमेल तसं वाचलं आणि टाळ्या सुरू झाल्या.

टाळ्या बराच वेळ चालू राहिल्या, कारण उठून कोणी येईना. डीन हसतमुखानं ऐंशी पोरांवरून नजर फिरवत होते. आमच्या वर्गातली निम्मी पोरं भारतातली. त्या सगळ्यांना एकदम आपापल्या कपात काहीतरी दिसलं आणि ती खाली बघायला लागली. धैर्या त्या वेळी तिथून बसनं पंचवीस मिनिटांवरच्या आपल्या खोलीत पांघरुणात होता. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून त्यानं त्या इमारतीत पाय ठेवला नव्हता. त्याचं कार्ड माझ्या जॅकेटच्या डाव्या खिशात होतं, आणि माझं उजव्या.

टाळ्या विरळ व्हायला लागल्या. आता कोणीतरी म्हणणार, की तो आज आलेला नाही. शंभर टक्केवाला नेमका आजच आलेला नाही म्हटल्यावर पुढचे प्रश्न आपोआप सुचतात. मी केक गिळला आणि उठलो.

डीननी माझा हात दोन्ही हातांत धरला. तुमच्यासारखे विद्यार्थी असले की शिकवावंसं वाटतं, असं काहीतरी ते म्हणाले. मी म्हटलं, मला घरी करमत नाही. मला एक प्रमाणपत्र आणि विद्यापीठाचं चिन्ह छापलेली निळी छत्री मिळाली. फोटोच्या वेळी मी ती छत्री उघडून समोर धरली. फोटोत छत्री फार सुंदर आली आहे.

माझी स्वतःची हजेरी अठ्ठ्याण्णव टक्के होती. एकदा मी माझं कार्ड घरी विसरलो होतो. धैर्याचं नव्हतो विसरलो.

ज्यांचं इंजिनिअरिंग आपल्याकडे झालेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी आणि धैर्या सांगलीजवळच्या एका कॉलेजात चार वर्षं एका खोलीत राहिलो. तिथं सर हजेरी घ्यायचे तेव्हा गैरहजर मित्राच्या नंबरावर आवाज बदलून ‘येस सर’ म्हणणं हे कर्तव्य समजलं जायचं. याला प्रॉक्सी म्हणतात. जो प्रॉक्सी मारत नाही त्याला परीक्षेच्या आदल्या दिवशी कोणी नोट्स देत नाही, त्याच्या ताटात कोणी पापड टाकत नाही आणि त्याच्या बहिणीच्या लग्नाला कोणी जात नाही. मी तीन आवाजांत प्रॉक्सी मारायचो, त्यात एक घोगरा. तिसऱ्या वर्षी मला कावीळ झाली तेव्हा धैर्यानं सहा आठवडे माझी प्रॉक्सी मारली. दुपारी मेसमधून मऊ भात आणायचा आणि मी तो संपवेपर्यंत समोर खुर्ची टाकून बसायचा. माझं वर्ष वाचलं. त्याची परतफेड करायची संधी मला तेव्हापासून हवी होती.

एमएस्सीला आम्ही दोघं इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका गावात आलो. गावाचं आणि विद्यापीठाचं नाव सांगत नाही, त्यांची काही चूक नव्हती. धैर्याचा व्हिसा उशिरा आला, म्हणून मी बाकीच्या पोरांबरोबर भाड्यानं घेतलेल्या घरात त्याला जागा उरली नव्हती. तो लांबच्या एका घरात राहायला गेला. इथं हजेरी म्हणजे दारापाशी एक डबी. तिला कार्ड लावायचं, हिरवा दिवा लागतो, झालात हजर. डबी तोंडाकडे बघत नाही, आवाज ओळखत नाही. मला तर वाईटच वाटलं. एवढी वर्षं कमावलेली कला, आणि इथं ती कुणालाही जमण्यासारखी.

ऑक्टोबरमध्ये धैर्या म्हणाला की अंगात कणकण आहे, या आठवड्यात माझं कार्ड तू लाव. पुढच्या आठवड्यात म्हणाला, रेकॉर्डिंग बघून अभ्यास बरा होतो. त्याच्या पुढच्या आठवड्यात त्यानं काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. हजेरी कमी पडली तर परदेशी पोरांचा व्हिसा रद्द होतो, हे आम्हाला पहिल्याच दिवशी तीन वेगवेगळ्या माणसांनी सांगितलं होतं. मी त्याचं कार्ड रोज लावत होतो. सोमवार ते शुक्रवार, दिवसाला तीन-चारदा. खरं सांगायचं तर ते लावलं की त्याला भेटून आल्यासारखं वाटायचं.

बक्षीस मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, मी छत्री घेऊन त्याच्याकडे गेलो. दार ट्युंडेनं उघडलं. हा त्याच्या घरातला नायजेरियन पोरगा, नर्सिंग शिकत होता. त्यानं छत्रीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला की तुझा मित्र फार शांत आहे, आम्हाला एवढ्या शांततेची सवय नाही. मी म्हटलं, तो मूळचाच अभ्यासू आहे.

धैर्याच्या खोलीत पडदे लावलेले होते. तो पलंगावर भिंतीला टेकून बसला होता, अंगावर दोन स्वेटर, दाढी वाढलेली. मी त्याला सगळा प्रसंग अभिनयासह करून दाखवला. डीनचा आवाज, पोरांचे कप, केक, छत्री. तो हसला. खूप हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मला बरं वाटलं. म्हटलं, याला काही झालेलं नाही.

मग तो छत्रीची मूठ चाचपत म्हणाला, “भंड्या, आंघोळ करायची तर मला आदल्या दिवशी ठरवावं लागतं.”

मी म्हटलं, या थंडीत मलाही लागतं.

“तसं नाही. ठरवतो आणि मग होत नाही.”

मी म्हटलं, व्हिटॅमिन डीच्या गोळ्या घे, इथं सगळ्यांनाच होतं. माझ्या खिशात होत्याच, त्याला चार काढून दिल्या. त्यानं त्या एकेक करून चादरीवर ओळीत मांडल्या.

“एक काम करशील?” तो म्हणाला. “जानेवारीत माझं कार्ड नको लावू.”

“का?”

“सलग दहा वेळा लागलं नाही तर ते चौकशीला येतात म्हणे. घरी माणूस पाठवतात. बघू तरी कोण येतं.”

मी हसलो. माझ्या आयुष्यात ऐकलेली ती सगळ्यात वेडगळ सूचना होती. माणूस येईल आणि तुला विमानात बसवून देईल, असं मी त्याला म्हणालो. शंभर टक्केवाल्यानं असं बोलू नये. तोही थोडा हसला. म्हणाला, “गंमत केली रे.” मग म्हणाला, “बस की जरा.”

चार वाजता माझी ग्रुप प्रोजेक्टची मीटिंग होती. ती खरोखरच होती. मी जाताना छत्री तिथंच ठेवली, कारण बक्षीस त्याचं होतं.

जानेवारीच्या परीक्षेला डबी नव्हती. तिथं माणूस बसलेला होता आणि तो कार्डावरचा फोटो तोंडाशी ताडून बघत होता. धैर्या आला नाही. त्याच्या चार असाइनमेंट गेल्या नव्हत्या हेही मला तेव्हा कळलं. मी त्याला लांबलचक मेसेज पाठवला, त्यावर त्याचं उत्तर आलं, ‘बरं’. दुसरं सत्र सुरू झालं आणि मी पुन्हा कार्ड लावायला लागलो. भेटायला जायचं दोनदा ठरवलं आणि झालं नाही.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी अकरा वाजता ट्युंडेचा फोन आला. धैर्या खोलीत जमिनीवर पडलेला सापडला होता. तीन-चार दिवस त्यानं काही खाल्लं नव्हतं, पाणीही धड प्यायला नव्हता. पावणेनऊला ॲम्ब्युलन्स येऊन त्याला घेऊन गेली होती. ट्युंडेकडे माझा नंबर नव्हता, तो शोधायला त्याला दोन तास लागले.

मी फोन ठेवला. त्या दिवशीचं नऊचं लेक्चर झालेलं होतं आणि धैर्या त्याला हजर होता.

बुधवारपासून मी त्याचं कार्ड लावणं बंद केलं. हॉस्पिटलात आधी त्याच्या शरीराकडे बघितलं आणि मग त्याला मनाच्या आजाराच्या वॉर्डात हलवलं. मी गेलो की तो नीट बोलायचा, पण मध्येच थांबायचा, वाक्य कुठं ठेवलंय ते विसरल्यासारखा.

त्याच्या वडिलांचा व्हिसा होऊन ते यायला अठरा दिवस लागले. जगदाळेकाका बार्शीच्या एसटी डेपोतून मेकॅनिक म्हणून रिटायर झाले होते. पायात नवे पांढरे स्पोर्ट शूज, अंगात कुणाच्यातरी लग्नात शिवलेला कोट. मी त्यांना स्टेशनवरून बसनं घेऊन आलो. अर्धी वाट ते खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, “क्लच गेलाय.” मी म्हटलं, कुणाचा? ते म्हणाले, “बसचा.”

ते चार दिवस वॉर्डात लेकाजवळ बसून राहिले. पाचव्या दिवशी विद्यापीठानं त्यांना भेटायला बोलावलं. काकांना इंग्रजी येत नव्हतं आणि धैर्याला डॉक्टर सोडत नव्हते, म्हणून दुभाषा म्हणून मी गेलो. दुसरं कोण जाणार? त्याचा जवळचा मित्र मीच होतो.

डॉ. ॲशवर्थ आमच्या वर्गाच्या ट्यूटर. पन्नाशीची बाई, खांद्यावर लोकरीची शाल, टेबलावर बिस्किटांची बशी. चहापानाच्या दिवशी त्या दातांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या, नाहीतर मी या गोष्टीत इथवर आलोच नसतो. त्यांनी काकांना आधी चहा दिला, प्रवासाचं विचारलं, मुलाचं विचारलं. मी इकडचं तिकडे करत होतो. मला ते छान जमतं.

मग त्या मुद्द्यावर आल्या. धैर्या घरी जाणार हे तर नक्की होतं. प्रश्न एवढाच होता की कसा जाणार. ऑक्टोबरपासूनच तो आजारी होता असं धरता आलं, तर त्याचं हे वर्ष मोजायचंच नाही, बरा झाला की पुढच्या वर्षी येऊन पहिल्यापासून सुरू करायचं, जागा राखलेली. तसं धरता आलं नाही, तर चार असाइनमेंट आणि सगळ्या परीक्षा चुकवलेला विद्यार्थी म्हणून नापास आणि नाव कमी. हॉस्पिटलचे कागद फेब्रुवारीचे होते. त्याच्या आधीचं काय?

मी हे काकांना सांगितलं. काका म्हणाले, “म्हणजे आजारी म्हणून न्यायचा का नापास म्हणून, एवढंच ना?”

मी म्हटलं, हो.

“बाईंना म्हणावं, आजारीच होता तो. मला फोनवर आवाज कळत होता.”

मी ते जसंच्या तसं सांगितलं. डॉ. ॲशवर्थनी कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला. धैर्याच्या नावासमोर हिरव्या ठिपक्यांच्या रांगाच रांगा होत्या. सोळा आठवडे, खाडा नाही. त्या म्हणाल्या की समिती हे बघणार. जो मुलगा रोज सकाळी नऊला उठून वर्गात येतो, ज्याला त्यासाठी बक्षीस मिळतं, तो अंथरुणातून उठू शकत नव्हता असं मी समितीला कसं सांगू? ज्या दिवशी तो कोसळला त्या दिवशीसुद्धा तो नऊच्या लेक्चरला आला होता, बघा.

त्यांनी शेवटच्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

मी काकांना सांगितलं, की त्या म्हणतात, त्या दिवशीही तो नऊला वर्गात होता.

“नऊला,” काका म्हणाले.

“हो.”

“ॲम्ब्युलन्स पावणेनऊला आलीवती.”

हे मी इंग्रजीत केलं नाही. त्यांनी ते विचारल्यासारखं म्हटलं नव्हतं.

डॉ. ॲशवर्थनी चष्मा काढला. त्या म्हणाल्या, आणि हे मी काकांसाठी मराठीत करताना माझी जीभ प्रत्येक शब्दाला अडखळत होती, की ही हजेरी आम्ही पोरांना पकडायला ठेवलेली नाही. इतकी मुलं घरापासून लांब एकेकटी राहतात. सलग दहा वेळा कार्ड लागलं नाही की माझ्याकडे नाव येतं आणि मी स्वतः जाऊन दार वाजवते. या वर्षी मी सहा दारं वाजवली. त्यातली पाच मुलं आज वर्गात आहेत. धैर्यशीलचं दार मी कधीच वाजवलं नाही. त्याची काळजी करण्यासारखं माझ्यासमोर काही आलंच नाही.

काका टेबलाकडे बघत ऐकत होते. बशीतलं एक बिस्कीट त्यांनी उचललं होतं, ते तसंच हातात होतं.

डॉ. ॲशवर्थ पुढं म्हणाल्या, की समिती परवा बसते. तो वर्गात येत नव्हता असं दाखवणारं काहीही, अगदी काहीही असेल तर मला सांगा. मी त्याच्यासाठी भांडेन. पण मला काहीतरी द्या.

असं म्हणून त्यांनी आधी काकांकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. संशयानं नव्हे. तुम्ही त्याचे मित्र आहात, तुम्हाला काही आठवतंय का, अशा नजरेनं.

पहिल्या दिवशी मिळालेल्या नियमांच्या पुस्तकात चौदाव्या पानावर दुसऱ्याचं कार्ड लावण्याबद्दल दोन ओळी होत्या. त्या मी ॲम्ब्युलन्सच्या दिवसापासून बऱ्याचदा वाचल्या होत्या. दोघांचीही चौकशी, आणि लावणाऱ्याला थेट काढून टाकणं. माझे आतापर्यंतचे सगळे विषय सुटले होते. प्रोजेक्टला मला वर्गात तिसरा नंबर होता.

मी काकांना सगळं भाषांतर करून सांगितलं. त्यात मी काही गाळलं नाही, हे मला आजही म्हणता येतं.

काकांनी बिस्कीट बशीत परत ठेवलं, आणि माझ्याकडे न बघता, डॉ. ॲशवर्थच्या तोंडाकडे बघत, हळूहळू मराठीत बोलले.

“बाईंना सांग, माझा पोरगा वर्गात येत नव्हता. कार्ड त्याचं यायचं, तो येत नव्हता. कोण आणत होतं ते मला ठाऊक आहे. धैर्यानं सांगितलंय मला. त्यानंच बजावलंय, आप्पा, नाव घ्यायचं नाही, त्यानं माझ्यासाठीच केलं. म्हणून मी नाव घेत नाही. त्यांनी विचारलं तरी घेणार नाही. पण तो येत नव्हता, एवढं तरी सांग.”

ते थांबले. बाहेर कुणीतरी दार लावलं. डॉ. ॲशवर्थ पुढं झुकून बसल्या होत्या, त्यांना शब्द कळले नव्हते पण बोलण्याचा सूर पोचला असावा.

“काय म्हणाले?” त्यांनी मला विचारलं.

नाव घेणार नाही असं काका म्हणाले खरे. पण कार्ड कुणाकडे होतं ते कॉम्प्युटरला पाच मिनिटांत कळलं असतं. सोळा आठवडे दोन हिरवे ठिपके एकाच मिनिटाला लागत होते, एक त्याचा आणि एक माझा. मी त्यांच्याकडे पाहिलं. मग बिस्किटांकडे पाहिलं.

मी इंग्रजीत म्हणालो, “ते म्हणतात, तुम्ही इतकं केलंत त्याबद्दल थँक्यू.”

डॉ. ॲशवर्थचे डोळे भरून आले. त्या उठून टेबलाला वळसा घालून आल्या आणि त्यांनी काकांचा हात धरला. थँक्यू हा शब्द बार्शी डेपोतही सगळ्यांना कळतो. काकांनी हात काढून घेतला नाही. ते माझ्याकडे बघत होते.

“मी जरा जास्त बोललो होतो,” ते म्हणाले.

“काय म्हणाले?” डॉ. ॲशवर्थनी विचारलं.

मी म्हटलं, निघतो म्हणतात.

बाहेर पडल्यावर आम्ही बसस्टॉपवर उभे राहिलो. मी कारणं जमवत होतो आणि ती चांगली जमत होती. माझे आईवडील, माझं वर्ष, आणि सांगितलं तरी समितीनं ऐकलंच असतं असं कुठं आहे. काकांनी मला त्यातलं एकही सांगायची वेळ येऊ दिली नाही. बस आली तेव्हा त्यांनी मला आधी चढू दिलं आणि स्वतः पुढच्या एकट्या सीटवर जाऊन बसले.

समितीनं तिसऱ्या दिवशी निर्णय दिला. त्याच्या पुढच्या आठवड्यात बापलेक बार्शीला गेले. पोचवायला मी विमानतळावर जाणार होतो, पण काकांनी ट्युंडेला सांगितलं होतं आणि तो गेला.

सप्टेंबरमध्ये मला डिग्री मिळाली. आता मी इथंच आहे, नोकरी आहे, आठ वर्षं झाली. धैर्यानं पुढं शिक्षण केलं नाही. तो बरा आहे असं ऐकतो, बार्शीत मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात बसतो. लोक त्याला विचारतात, इंग्लंडला जाऊन आलास, काय झालं? तो म्हणतो, नापास झालो.

त्याच्याकडून मला थेट कळलं ते एकदाच. ते घरी पोचल्यावर तिसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला होता. हॉस्पिटलातल्यापेक्षा मोठी वाक्यं होती. त्यानं लिहिलं होतं, ‘आप्पांनी सांगितलं सगळं. म्हणाले, भंडारे तुझ्यासाठी बाईंशी अर्धा तास भांडला, सगळं स्वतःच्या अंगावर घ्यायला निघाला होता, पण त्यांनी मानलंच नाही. तू एवढं नको होतं करायला. थँक्यू.’

मी तो मेसेज पुष्कळ वेळा वाचला. मग त्याला अंगठा पाठवला.